नाकात, नखांत आणि मलमाच्या डबीत: माझ्या एक्झिम्यातला स्टॅफ

सकाळी उठले की उशीचा अभ्रा मानेला चिकटलेला असायचा. हळूहळू सोडवायला गेलं तरी कातडी सोबत यायचीच, मग आग आग, आणि अभ्र्यावर पिवळसर डाग, वाळलेल्या मधासारखा, कडेला रक्ताची बारीक रेघ. नवरा उठायच्या आधी मी तो अभ्रा काढून धुवायला टाकायचे. त्याला कळू नये म्हणून नाही, त्याला सगळं माहीत होतं, पण सकाळी सकाळी ते बघून त्याचा चेहरा पडायचा आणि मला ते सहन व्हायचं नाही.

मला ॲटोपिक डर्मटायटिस, म्हणजे एक्झिमाच, लहानपणापासून आहे. कोपरांचे खळगे, गुडघ्यांच्या लवणी, मनगटं आणि मान, ही माझी कायमची ठिकाणं. पण खाज आणि कोरडेपणा वेगळा आणि हे लस येणं, खपल्या धरणं, परत फुटणं वेगळं, हे साधारण दोन वर्षांपूर्वी सुरू झालं. त्यातून मी कशी बाहेर आले ते सगळं लिहून काढतेय, कारण मी ज्या चुका केल्या त्याच चुका करत बसलेली माणसं मला रोज भेटतात.

पहिल्यांदा स्वॅब घेतला, म्हणजे कापसाची काडी चट्ट्यावर फिरवून नमुना तपासायला दिला, तेव्हा रिपोर्टमध्ये आलं, स्टॅफायलोकॉकस ऑरियस, भरपूर वाढ. हा एक जंतू, थोडक्यात स्टॅफ. खरं सांगते, मला आनंद झाला. इतकी वर्षं कोणी कारणच सांगत नव्हतं, आता निदान शत्रूचं नाव तरी कळलं, त्याला मारलं की संपलं. अँटिबायोटिकचा सात दिवसांचा कोर्स घेतला आणि पाचव्या दिवशी त्वचा इतकी छान झाली की मी अर्ध्या बाह्यांचा ड्रेस घातला. तीन आठवड्यांत सगळं जसंच्या तसं परत. मग दुसरा कोर्स, मग तिसरा, वर्षभरात चार झाले, आणि शेवटच्या रिपोर्टमध्ये एका औषधापुढे रेझिस्टंट असं छापून आलं, म्हणजे ते औषध आता या जंतूवर चालत नव्हतं. म्हणजे ज्याला मारायला निघाले होते त्याला मीच शिकवून तयार केलं होतं. शिवाय घरी मी दिवसातून दोनदा जंतुनाशक साबण लावत होते, आंघोळीच्या पाण्यात अँटिसेप्टिक लिक्विड अंदाजाने ओतत होते, एकदा तर कापसावर घेऊन तसंच्या तसं कोपरात लावलं आणि तिथली कातडी भाजल्यासारखी सोलून निघाली. तो डाग अजून आहे.

त्यानंतर मी डॉक्टर बदलले. नवीन स्किनच्या डॉक्टर मॅडमनी आधी हात बघितले, मग काखेत आणि मानेला गाठी आहेत का ते दाबून पाहिलं, ताप येतो का विचारलं, आणि मग एक प्रश्न विचारला जो मला आधी कोणीच विचारला नव्हता. "दुखतं जास्त की खाजतं जास्त?" मी म्हटलं खाजतं, दुखतं ते खाजवल्यावर. त्या म्हणाल्या, "मग हा बहुतेक संसर्ग नाही, ही वस्ती आहे." आणि पुढचा अर्धा तास त्यांनी मला वस्ती आणि संसर्ग यातला फरक समजावला.

तो फरक मी माझ्या भाषेत सांगते. स्टॅफ ऑरियस साधारण चारातल्या एका धडधाकट माणसाच्या नाकात असतोच, त्याला काही त्रास नसतो. एक्झिमा असलेल्यांच्या अंगावर मात्र तो घर करून बसतो. बऱ्याच अभ्यासांचा आढावा घेणारा एक पेपर २०१६ साली आला होता, त्यात एक्झिमाच्या चट्ट्यांवर सुमारे ७० टक्के लोकांमध्ये हा जंतू सापडला आणि वरून चांगल्या दिसणाऱ्या त्वचेवरही ३९ टक्क्यांमध्ये. म्हणजे चट्ट्यावरून स्वॅब घेतला की बहुतेकदा तोच येणार. रिपोर्ट खोटा नसतो, पण रिपोर्टमध्ये जंतू आला म्हणजे अँटिबायोटिक लागणारच असं नसतं. संसर्ग म्हणजे चट्टा अचानक वाढणं, पू, गरमपणा, दुखणं, लाली भराभर पसरणं, गाठी, ताप. वस्ती म्हणजे तो तिथे राहतोय, आणि राहता राहता आग धुमसत ठेवतोय. संसर्ग झाला तर उपचार लगेच, वस्तीशी मात्र वर्षानुवर्षं पुरेल अशा पद्धतीने वागायचं.

मी विचारलं, माझ्याच अंगावर का? तर मॅडमनी कागदावर भिंत काढली. विटा आणि मधलं सिमेंट. त्वचेत फिलॅग्रिन नावाचं एक प्रोटीन असतं, त्याच्या जनुकातला दोष आणि एक्झिमा यांचा संबंध २००६ साली सापडला. हे प्रोटीन तुटून जे घटक तयार होतात ते त्वचेत पाणी धरून ठेवतात आणि त्वचा थोडी आम्लधर्मी ठेवतात, पीएच ५ च्या आसपास. आमच्यासारख्यांचा पीएच वर सरकतो, म्हणजे आम्लपणा कमी होतो, आणि ते स्टॅफला मानवतं. त्यात निरोगी त्वचा स्वतःच जंतू मारणारी छोटी प्रोटीनं बनवते, ती आमच्या चट्ट्यांमध्ये कमी असतात, कारण एक्झिमामधली जी सूज असते तीच त्यांना दाबून टाकते. आणि त्वचेवर राहणारे चांगले जंतूही असतात, स्टॅफ एपिडर्मिडिस वगैरे, त्यातले काही ऑरियसला मारणारे पदार्थ सोडतात. फ्लेअर आला, म्हणजे एक्झिमा उसळला, की हे चांगले शेजारी कमी होतात आणि ऑरियसचं राज्य. मी दिवसातून दोनदा जंतुनाशक साबण लावत होते तेव्हा या चांगल्या शेजाऱ्यांनाही धुवून काढत होते, पीएच अजून वर नेत होते आणि भिंतीचं उरलंसुरलं सिमेंटही काढत होते. हे ऐकताना मला अक्षरशः पोटात गलबललं.

दुसरी बाजू म्हणजे स्टॅफ नुसता बसून राहत नाही. तो विषं सोडतो, त्यातली काही प्रतिकारशक्तीला उगाचच चेकाळवतात. त्याची एन्झाइम्स भिंत अजून कुरतडतात. आणि चिकट थर करून राहतो, त्यामुळे वरवर धुतल्याने सगळा जात नाही. पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. २०२३ साली एक संशोधन आलं, उंदरांवर केलेलं, त्यात दिसलं की हा जंतू सोडत असलेलं एक एन्झाइम थेट त्वचेतल्या मज्जातंतूंना चेतवतं आणि खाज सुरू होते. मधे सूज यायचीही गरज नाही, जंतूकडून थेट नसेला. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा मी तिथे रडले. लहानपणापासून मी एकच वाक्य ऐकत आलेय, खाजवू नकोस. आई प्रेमाने म्हणायची, शाळेत बाई ओरडून म्हणायच्या, नवरा रात्री झोपेत माझा हात धरून म्हणायचा. मला स्वतःलाही वाटायचं की माझ्यात मनाचा निग्रह कमी आहे. ज्या कोणाच्या घरात एक्झिमावालं मूल आहे त्यांनी कृपा करून हे वाक्य बोलणं थांबवा. हात धरू नका, हातात मॉइश्चरायझर द्या, ओला गार कपडा द्या.

मग मी विचारलं, आता याला घालवायचं कसं, तर त्या म्हणाल्या, "घालवायचं नाही. पूर्ण घालवता येत नाही, आणि घालवलात तरी काही आठवड्यांत परत येतो. तुम्ही आधी आग विझवा, भिंत बांधा. मग त्याची वस्ती आपोआप विरळ होते."

आग विझवायची म्हणजे स्टिरॉइड मलम. इथे माझी सगळ्यात मोठी अडचण होती, कारण मी स्टिरॉइडला घाबरायचे. दोन्ही कोपरांना मिळून हरभऱ्याएवढं लावायचे, ते पण दोन दिवस, थोडं बरं वाटलं की बंद. मॅडमनी माझ्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढून दाखवली. तेवढं म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ते मोठ्या माणसाच्या दोन पंज्यांएवढ्या जागेला पुरतं. मी लावत होते ते त्याच्या चौथाईसुद्धा नव्हतं. अर्धवट लावलं की सूज राहते, सूज राहिली की त्वचेची स्वतःची जंतुनाशक प्रोटीनं दबलेली राहतात, की स्टॅफ राहतो, की परत सूज. आणि मला हे माहीतच नव्हतं की चट्ट्यांवर नुसतं स्टिरॉइड नीट लावलं तरी, कुठलंही अँटिबायोटिक न घालता, तिथली स्टॅफची संख्या उतरते. माझी भीती पूर्ण चुकीची होती असं नाही, चेहऱ्यावर आणि घड्यांमध्ये जोरदार स्टिरॉइड महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होते, म्हणून मानेसाठी वेगळं सौम्य मलम आणि कोपरांसाठी वेगळं, किती दिवस ते पण लिहून दिलं. रोज रात्री, चट्टा बोटाला सपाट लागेपर्यंत. लाली गेली म्हणून थांबायचं नाही, डोळे मिटून बोट फिरवायचं आणि खरखर लागतेय का बघायचं. हे डोळे मिटून बघणं मला फार उपयोगी पडलं. नंतर तेच मलम आठवड्यातून दोन दिवस, नेहमीच्या ठिकाणी, चट्टा नसला तरी.

सोबत ब्लीच बाथ. हे नाव ऐकून मी दचकले, फरशी पुसायचं ब्लीच अंगाला? पण प्रमाण इतकं कमी असतं की पोहण्याच्या तलावाच्या पाण्याची आठवण व्हावी. २००९ साली ३१ मुलांवर झालेला एक अभ्यास आहे, मुलं सहा महिन्यांपासून १७ वर्षांपर्यंतची, सगळ्यांना आधी संसर्गासाठी अँटिबायोटिक दिलेलं. मग काहींना आठवड्यातून दोनदा ब्लीचच्या पाण्यात बसवलं आणि दर महिन्याला पाच दिवस नाकात म्युपिरोसिन नावाचं अँटिबायोटिक मलम, असं तीन महिने. बाकीच्यांना साधं पाणी आणि साधं मलम. ब्लीचवाल्या मुलांचे हातपाय आणि अंग जास्त सुधारलं, पण डोकं आणि मान, जी पाण्याबाहेर राहायची, तिथे असा फरक दिसला नाही. या एका गोष्टीने मला पटलं की पाण्यात काहीतरी आहे. पण नंतरच्या सगळ्या अभ्यासांचं मत इतकं एकसारखं नाही हेही मॅडमनी आधीच सांगितलं. फायदा दिसतो तो बेताचा, काही ठिकाणी साध्या पाण्यात बसूनही जवळपास तेवढाच. आणि लॅबमध्ये इतक्या पातळ ब्लीचने स्टॅफ मरत नाही असंही दिसलंय, तेव्हा ते सूज शांत करून काम करतं की कसं यावर अजून एकमत नाही. "तुम्हाला सूट झालं तर ठेवू, नाही झालं तर सोडून देऊ, याच्यावाचून काही अडणार नाही" असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि मला ते आवडलं.

पहिल्यांदा मी त्यांचं न ऐकता घाई केली. त्या म्हणाल्या होत्या आधी दोन आठवडे मलमं लावा, भेगा मिटू देत. मी त्याच संध्याकाळी बसले. दोन मिनिटांत मनगटाच्या भेगांमध्ये तिखट शिरल्यासारखी आग, मी तशीच ओलीचिंब बाहेर, नवरा दाराबाहेरून "अगं काय झालं, दार उघड" करत होता. त्यानंतर दोन आठवडे थांबले. दुसऱ्यांदा जमलं.

आता कसं करते ते नीट सांगते, कारण प्रमाण चुकलं तर खरंच भाजतं. आमच्याकडे झोपून बसायचा टब नाही. मोठा प्लास्टिकचा टब घेतला, ज्यात मांडी घालून बसता येतं आणि हात कोपरापर्यंत बुडतात. दहा लिटरची बादली, अशा दोन बादल्या कोमट पाणी, गरम अजिबात नाही. साधं ब्लीच, वास नसलेलं, घट्ट केलेलं नसलेलं, आणि बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट किती टक्के ते लिहिलेलं. माझं ५ टक्क्यांचं आहे, त्याला दर लिटर पाण्यामागे १ मिलिलिटर, म्हणजे २० लिटरला २० मिलिलिटर, म्हणजे पाण्यात ०.००५ टक्के होतं. बाटलीवरचा आकडा वेगळा असेल तर हिशोब बदलतो, तो आपल्या डॉक्टरांकडूनच करून घ्या. मी सुई नसलेल्या १० मिलिलिटरच्या सिरिंजने दोनदा मोजून घालते. झाकणाने, अंदाजाने कधीच नाही. आधी पाणी, मग ब्लीच, मग हाताने नाही तर लाकडी पळीने ढवळून मगच बसायचं. त्यात दुसरं काही म्हणजे काही मिसळायचं नाही, ना साबण ना अँटिसेप्टिक ना व्हिनेगर, ब्लीचमध्ये आम्ल गेलं तर विषारी वायू निघतो. बाथरूमची खिडकी उघडी. ब्लीचची बाटली फार जुनी झाली की तिचा जोर उतरतो म्हणून उघडल्याची तारीख मी तिच्यावर लिहून ठेवते. मोबाईलवर दहा मिनिटांचा टायमर. मान पाण्याबाहेर राहते म्हणून त्याच पाण्यात मऊ सुती कपडा भिजवून मानेवर ठेवते, डोळ्यांत जाणार नाही असा पिळून. वेळ झाली की साध्या कोमट पाण्याने अंग धुवायचं, टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं, आणि अंग दमट असतानाच चट्ट्यांना स्टिरॉइड आणि बाकी अंगाला भरपूर मॉइश्चरायझर. आठवड्यातून दोनदा, बास. जास्त केलं तर जास्त फायदा होत नाही, फक्त कोरडेपणा वाढतो. आणि ज्यांना दमा आहे त्यांना त्या वासाने त्रास होऊ शकतो, त्यांनी आधी विचारावं.

आता नाक. माझ्या नाकाचा स्वॅब घेतला तर तिथेही तोच. आणि तेव्हा मला माझी एक सवय दिसली, जी मला कधी दिसलीच नव्हती. मी विचार करत असले की अंगठ्याने नाकपुडीची कड चोळते. मग त्याच हाताने कोपर. दिवसातून किती वेळा कोण जाणे. माझा स्टॅफ वारंवार परत येत होता म्हणून मॅडमनी नाकात लावायचं म्युपिरोसिन दिलं, पाच दिवस, दिवसातून दोनदा. कापसाच्या काडीवर काडेपेटीच्या गुलाएवढं घ्यायचं, नाकपुडीच्या आत पुढच्या भागात लावायचं आणि बाहेरून नाक दाबून चोळायचं. हे उठसूट लावायचं औषध नाही, या औषधालाही जंतू सरावतात. नवऱ्याच्या नाकात पण सापडला आणि त्याला तर आयुष्यात एक पुळी आलेली नाही. तो बिचारा घाबरला की माझ्यामुळे तुला होतंय का. मॅडमनी त्याला सांगितलं की घरात जंतू एकमेकांकडे जातात येतात, तुमची चूक नाही, टॉवेल वेगळे ठेवा आणि पाच दिवस तुम्हीही लावा. दोघं आरशासमोर उभं राहून नाकाला मलम लावत होतो ते पाच दिवस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला असं वाटलं की या आजारात मी एकटी नाही.

नखं. एक्झिमा असलेल्यांच्या नखांखाली स्टॅफ भरपूर सापडतो, आणि खाजवताना आपण तो पेरत जातो. दर तीन दिवसांनी नखं कापते आणि कडा घासून गुळगुळीत करते, कारण नुकतं कापलेलं नख जास्त ओरबाडतं.

आणि डबी! ही गोष्ट मला कोणी सांगितली नसती तर मी जन्मभर करत राहिले असते. माझी मॉइश्चरायझरची मोठी रुंद तोंडाची डबी होती. चट्ट्यावर बोट फिरवायचं, परत डबीत बोट, परत चट्ट्यावर. मॅडमनी डबी आणायला सांगितली होती, झाकण उघडलं तर पांढऱ्या क्रीममध्ये माझ्या बोटांच्या चऱ्या, एका चरीत बारीकशी पिवळी खपली अडकलेली. त्यांनी काही न बोलता डबी माझ्याकडे वळवली. रोज रात्री मी स्वतःच्या अंगावर काय लावत होते ते बघून मला काही बोलवेना. आता पंपाची बाटली. डबीच असेल तर स्वच्छ कोरड्या चमच्याने आधी झाकणात काढून घ्यायचं, चमचा परत आत जाता कामा नये.

अभ्रे, टॉवेल, चड्ड्या बनियन ६० अंशांवर धुते, टॉवेल एक दिवसाआड. एक इशारा, पॅराफिन असलेली मॉइश्चरायझर्स कपड्यांत मुरतात आणि तो कपडा पटकन पेट घेतो, धुतल्यावरही सगळं निघत नाही, तेव्हा आगीजवळ, गॅसजवळ, सिगारेट ओढणाऱ्याजवळ जपून. आणि आंघोळीच्या पाण्यात टाकायच्या इमोलियंटचा, म्हणजे त्वचा मऊ ठेवणाऱ्या तेलकट औषधाचा, नाद सोडला, २०१८ च्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीत मुलांना त्याने जादा फायदा दिसला नाही. अंगाला थेट लावलेलं मॉइश्चरायझर मात्र रोज, दोनदा, न चुकता. साबण बंद, त्याऐवजी कमी पीएचचं साबणविरहित क्लिन्झर, ते पण फक्त काखा, जांघा, पाय.

अँटिबायोटिकबद्दल माझं मत आता ठाम आहे, आणि ते फक्त माझ्या अनुभवातून नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना काढली की एक्झिमा वरून जंतुबाधित दिसत असला तरी माणूस एरवी ठीक असेल, ताप वगैरे नसेल, तर सरसकट अँटिबायोटिक देऊ नका. मुलांवर झालेल्या चाचणीत सौम्य संसर्गात पोटात घ्यायच्या किंवा लावायच्या अँटिबायोटिकने खास फरक पडला नव्हता. माझे चार कोर्स आठवले की वाईट वाटतं. मला कोणाला दोष द्यायचा नाही, मीच हट्ट करून मागून घेतलेत त्यातले दोन. पण फ्युसिडिक ॲसिडचं स्टिरॉइड मिसळलेलं मलम जे लोक महिनोन्महिने लावत असतात ना, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, एकदा आपल्या डॉक्टरांना विचारा की यातलं अँटिबायोटिक मला अजून हवंय का.

याच्या उलट एक प्रसंग. सात आठ महिने छान गेले आणि एका रात्री मानेवर आणि जबड्याखाली बारीक बारीक फोड आले, सगळे एकाच मापाचे, सकाळी ते फुटून टाचणीने कोरल्यासारखे गोल खड्डे झाले. खाज कमी आणि दुखणं भयंकर, अंगात ताप. जुन्या मला वाटलं असतं स्टॅफ परत आला, टबात बसले असते. पण "दुखतं की खाजतं" हा प्रश्न डोक्यात बसला होता म्हणून थेट दवाखान्यात गेले. ते हर्पीसचं निघालं, एक्झिमा हर्पेटिकम, व्हायरस. यात अँटिबायोटिकचा उपयोग नाही, अँटिव्हायरल लागतं आणि तेही तासांचा हिशोब करून, डोळ्याजवळ गेलं तर नजरेला धोका. त्याच दिवशी ॲसायक्लोव्हिर सुरू झालं आणि मी वाचले. हे फोड ज्यांना माहीत नाहीत त्यांनी कृपया लक्षात ठेवा, एकसारखे, गोल, दुखणारे, आणि ताप. वाट बघू नका.

त्या वेळी मॅडमनी इंजेक्शनचा विषय काढला होता, ड्युपिलुमॅब. २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते जंतूला हातही लावत नाही, फक्त सूज पेटवणारे दोन संदेश अडवतं, आणि तरी ते घेणाऱ्यांच्या त्वचेवरचा स्टॅफ कमी होतो आणि बाकीचे चांगले जंतू परत येतात असं अभ्यासात दिसलंय. भिंतीचं चित्र काढून त्या जे म्हणत होत्या तेच हे. मला सध्या मलमांवर भागतंय म्हणून घेतलेलं नाही, पण ज्यांचं भागत नाही त्यांनी घाबरून टाळू नये असं मला वाटतं.

मागच्या भेटीत मी विचारलं, आता परत स्वॅब करून बघू या का, गेला का तो? मॅडम म्हणाल्या, "असेल थोडाफार. रिपोर्ट बघून आपण काही वेगळं करणार आहोत का? नाही ना, मग कशाला?" पूर्वी मला हे उत्तर पचलंच नसतं. त्यांनी माझ्या कोपरात बोट फिरवलं, डोळे मिटून, आणि पुढची तारीख तीन महिन्यांनी दिली.

परवा रात्री डाव्या कोपरात रुपयाएवढी जागा खरखरीत लागली. लाल नव्हती अजून. एका पेराची रेघ मोजून काढली, अर्धी तिथे लावली आणि उरलेली उजव्या कोपरात, कारण त्याचंही काही खरं नसतं. आज सकाळी अभ्रा बघितला. पांढरा होता, तसाच राहू दिला उशीला.